काडू नये

८ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीव टिल्लू,

ताईचे आशीर्वाद. तेहतीस वर्षांच्या माणसाला टिल्लू म्हणणं बरं दिसत नाही, पण लिहायला बसले की दुसरं नाव हाताला येतच नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, ते उचलायची वाट बघत नाही, दाराखालून आपलं आत येतं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची टपालं आवक-जावकच्या वहीत चढवणारी मी, घरचं एक पत्र लिहायला दोन दोन वर्षं लावते.

आई बरी आहे. गुडघे धरलेत, चष्म्याचा नंबर वाढलाय, कान मात्र तिखट. शेजारणीने डब्याचं झाकण उघडलं तरी हिला इथे कळतं. ठमी सहावीत गेली. तुला तिचा फोटो पाठवला होता तेव्हा ती पाळण्यात होती, आता माझ्या खांद्याला लागते. तुझ्या दाजींचं पंपदुरुस्तीचं दुकान चाललंय. लोकांच्या घरी पाणी चढवतात आणि आपल्या घरी बादल्या उचलतात, असं आई म्हणते. त्यांच्या तोंडावर म्हणते आणि ते हसतात.

मुख्य बातमी अशी की घराचं काम पुन्हा काढलंय. तू गेलास तेव्हा जिथे थांबलं होतं, तिथेच ते चौदा वर्षं थांबलं होतं. खाली आपल्या त्या दोन खोल्या. वर नुसत्या विटांच्या भिंती, स्लॅबमधून वर आलेल्या गंजक्या सळया (त्यांना दोरी बांधून मी कपडे वाळत घालते) आणि चढायला मागची लोखंडी शिडी. गवंडी लावला तर तो त्याच्या सवडीने येणार. तेव्हा दाजी म्हणाले, आपणच करू, रविवारी रविवारी. पहिल्या दिवशी भिंतीला लागला त्याहून जास्त माल दाजींच्या अंगाला लागला. आई खाली खुर्ची टाकून बसते आणि घमेल्यातल्या मालाकडे नुसतं बघून सांगते, पाणी कमी आहे, वाळू चाळली नाहीत. गवंड्याची बायको. बाबांची थापी आणि ओळंबा तिने इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता. परवा आपणहून काढून दिला.

आता वर गिलावा झालाय. जिनाही करायचा आहे, म्हणून दाजींनी माप घ्यायला स्लॅबमध्ये जिन्यासाठी सोडलेल्या भोकावरचा पत्रा काढला. इतकी वर्षं त्यावर पत्राच होता.

पत्रा काढल्यापासून एक गंमत झालीय. दुपारी चारच्या सुमाराला वर कुणीतरी चालतं. भर उन्हात. शिडीच्या बाजूने सुरू होतात पावलं, सात-आठ, चपलेत वाळू गेल्यावर वाजतात तशी, आणि मग थांबतात. परत जात नाहीत. नुसती थांबतात. आधी मला वाटलं मांजर. मग वाटलं, शेजारच्यांच्या गच्चीवरचा आवाज भिंतीतून येत असेल.

मागच्या रविवारी आम्ही वर कोबा केला. भोकाकडून सुरुवात करून मागे मागे सरकत शिडीपर्यंत आलो आणि उतरलो. ओला कोबा, त्यावर पान पडलं तरी ठसा उमटेल असा. चार वाजता पावलं वाजली. दाजी पान्हा घेऊन वर गेले. खाली आल्यावर बराच वेळ हात धूत राहिले. मी विचारलं, "काय होतं?"

"काही नाही."

"कोबा बिघडला?"

"कोबा ताटासारखा आहे," ते म्हणाले.

ठमी म्हणाली, "मग चाललं कशावरून?" त्यावर आईने तिला अभ्यासाला बसवलं. आई भोकाच्या बरोबर खाली बसलेली असते. ती मला हळूच म्हणाली, "कडेला येऊन थांबतो. एक पाऊल आधी." कोण, ते मी विचारलं नाही.

असो. जुन्या घरांना आवाज असतात म्हणतात. आपलं तर अजून पुरतं झालेलंही नाही.

वरच्या पुढच्या खोलीला खिडकी कुठे हवी, ते कळव. ती खोली बाबांनी तुझी म्हणून आखली होती. तब्येतीला जप.

तुझी ताई

१ मार्च, रविवार

प्रिय टिल्लू,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की ठमी धावते आणि तिच्यामागे माझी नजर धावते.

काम बरं चाललंय. बाहेरच्या भिंतीसाठी परांची बांधायची, म्हणून दाजी मित्राचा टेम्पो घेऊन जुन्या लाकडाच्या वखारीत गेले आणि सेंट्रिंगच्या बावीस फळ्या घेऊन आले. त्यांच्यावरचं सुकलेलं सिमेंट तारेच्या ब्रशने घासून काढायचं काम माझ्याकडे. मी मागच्या अंगणात बसून एकेक घासत होते. नऊ-दहा झाल्या असतील. मग एका फळीवर सिमेंटच्या खाली काळा रंग दिसला. ऑइलपेंट, खिडक्यांच्या गजांना देतात तो. अजून घासलं तर अक्षरं निघाली. एक शब्द. पुढच्या फळीवर दुसरा, तिच्या पुढच्या फळीवर तिसरा.

दाजी आले, म्हणाले, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "मापं आहेत कुणाची तरी." आणि त्या तीन फळ्या ढिगाच्या अगदी तळाला घातल्या.

संध्याकाळी दाजींना भोक झाकायचं होतं. ठमी वर पाणी मारायला जाते, उघडं नको म्हणाले. त्यांनी सगळा ढीग उपसून बरोबर त्याच तीन काढल्या. मी म्हटलं, दुसऱ्या घ्या. "दुसऱ्या कापाव्या लागतील," ते म्हणाले, "या बघ कशा बसतात. याच भोकासाठी केल्यासारख्या." बसल्या. दोन्ही कडांना वीतभर टेकून अगदी चपखल. मी म्हटलं, रंगाची बाजू खाली करा, पाय चिकटेल. चौदा वर्षांनी कुठला रंग चिकटतोय, पण त्यांनी ऐकलं. खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं की आता ती अक्षरं आईच्या डोक्यावर आहेत.

आई मान वर करून बघत होती. "काय गं लिहिलंय तिथे?"

"वखारीचा शिक्का आहे."

"शिक्का एवढा मोठा?" एवढंच म्हणाली. तिला ते वाचता येत नाही, तेवढं लांबचं आता दिसत नाही. पण रोज खुर्ची तिथेच ओढते.

आणि टिल्लू, पावलं आता थांबत नाहीत. सात-आठ कोब्यावर वाजतात, मग तीन लाकडावर, मग पलीकडे पुन्हा कोब्यावर. पुढच्या खोलीपर्यंत जातात. लाकडावरची तीन वाजली की आई मान हलवते, कुणी रस्ता नीट ओलांडला की हलवावी तशी. दाजी चारच्या आधी रेडिओ मोठा करतात. ठमीने तर मोजदाद ठेवलीय. मी इतर दिवशी ऑफिसात असते आणि शनिवार-रविवारी चारला भाजी आणायला जाते. इतकी भाजी आणते की दाजी म्हणाले, आता दुकानच टाक.

तुला एक विचारायचं होतं. त्या दिवशी भोकावर फळ्या टाकल्यावर तू वरून गोणपाट अंथरलं होतंस ना? आणि चारी कोपऱ्यांवर एकेक वीट? मला तसंच आठवतं, पण तू सांग. सहज विचारते.

ठमीने तुला नमस्कार लिहायला सांगितलाय. मामा दिसतो कसा, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, माझ्यासारखाच, फक्त खरा.

ही ओळ खोडून लिहायला हवी होती. राहू दे.

ताई

२२ मार्च, रविवार

टिल्लू,

आशीर्वाद लिहीत नाही. आधी हे वाच.

जिन्याच्या भोकावरच्या फळ्या मी काढल्या होत्या. तू झाकलं होतंस. तू खोटं बोलला नव्हतास.

आता सगळं क्रमाने सांगते. आधी गेल्या आठवड्यातलं, कारण ते घडलं नसतं तर मी हेही पत्र आईच्या गुडघ्यांवर आणि भाजीवर भरलं असतं.

मागच्या शनिवारी दुपारी दाजी पंप बघायला गेले होते. ठमी मैत्रिणीकडे होती. आई खुर्चीत पेंगत होती. मी ठरवलं की त्या तीन फळ्या आज नाहीशा करायच्या. करवतीने तुकडे करून बंबात घालायच्या. वर गेले. फळ्यांवर दाजींनी गोणपाट अंथरलेलं होतं, कडेचा नवा कोबा ओला राहावा म्हणून. ते बाजूला केलं, फळ्या एकेक करून शिडीवरून उतरवल्या, पाण्याच्या टाकीमागे उभ्या केल्या. पुन्हा वर जाऊन भोक बघितलं. खाली आईच्या तोंडावर ऊन पडत होतं. म्हणून मी ते गोणपाट पुन्हा पसरलं, ताणून, आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग दुसऱ्या फळ्या आणायला खाली उतरले. फाटकात शेजारीण उभी होती. तिच्या नळाला पाणी येत नव्हतं. मी बोलत राहिले. दहा मिनिटं असतील.

चार वाजले ते मला पावलांवरून कळलं. पण पहिली पावलं ठमीची होती. ती मागच्या मागे येऊन शिडीने वर गेली होती, पाणी मारायला. अनवाणी, हलकी पावलं. मी फाटकातून आत धावले आणि तेवढ्यात ती दुसरी पावलं ऐकली. ती कधीच घाईत नसत, त्या दिवशी धावत होती. शिडीपासून सरळ, ठमीच्या मागून, तिच्या पुढे.

मी वर पोचले तेव्हा ठमी गोणपाटापासून हातभर अंतरावर उभी होती, पाण्याचा पाइप हातात. तिला लागलं-बिगलं काही नव्हतं. म्हणाली, "कुणीतरी मला ओलांडून पुढे गेलं, म्हणून मी थांबले." आणि गोणपाट मधोमध खाली दबलेलं होतं, टिल्लू. वर काहीही नव्हतं. दोन पावलं मावतील एवढी जागा दबलेली, चारी विटा आत ओढल्या गेलेल्या. आम्ही दोघी बघत होतो. मग ते हळूहळू सैल झालं आणि सपाट झालं.

ठमी म्हणाली, "आई, इथल्या फळ्या कुठे गेल्या?"

खालून आईचा आवाज आला. ती कधी जागी झाली कोण जाणे. "फळ्या कुणी काढल्या?"

चौदा वर्षांपूर्वीही तिने असाच प्रश्न विचारला होता. दारातल्या चिखलात पालथ्या पडलेल्या तीन फळ्यांकडे बोट करून, या इथे कुणी टाकल्या? मी म्हटलं होतं, पहिल्यापासूनच होत्या. मी खोटं बोलले ते एवढंच. एकच वाक्य, आणि पुढे नुसती गप्प राहिले.

या वेळी मी वरूनच म्हटलं, "मी काढल्या. तेव्हाही मीच काढल्या होत्या."

तो दिवस तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने असा. माझ्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी घर बघायला येणार होत्या. नवी नोकरी, दोघी चांगल्या घरच्या. दारापासून रस्त्यापर्यंत नुसता चिखल होता आणि मला त्याची लाज वाटत होती. खालच्या सगळ्या फळ्या बाबांनी सेंट्रिंगला ठोकलेल्या होत्या. मोकळ्या त्या तीनच. तू कॉलेजला जाण्याआधी त्या भोकावर टाकून गेला होतास, आणि गजांचा उरलेला रंग घेऊन त्यांवर लिहिलं होतंस. जिना. काडू. नये. बाबा सकाळी ते वाचून किती हसले होते. म्हणाले, पोराला भोक झाकता येतं, काना-मात्रा येते, तेवढा ढ येत नाही. मी ते वाचलं होतं. वाचून काढल्या. तासाभरात परत ठेवणार होते. खाली आई तांदूळ निवडत बसली होती, तिच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून गोणपाट तसंच पसरून वर विटा ठेवल्या. अगदी तू ठेवल्या होत्यास तशा.

मैत्रिणी आल्या, फळ्यांवरून टाचा न भिजवता आत आल्या, घर छान आहे म्हणाल्या. बाबा चारला साइटवरून मागच्या वाटेने आले आणि पाणी मारायला सरळ वर गेले. मी कपात चहा ओतत होते. बाबांना जन्मभर उंचावर चालायची सवय. गोणपाट दिसलं, विटा दिसल्या, खाली फळ्या आहेतच. म्हणून त्यांनी पाऊल टाकलं.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी त्यांनी तुझ्याकडे बघून विचारलं, "झाकलं होतंस ना रे?" तू म्हणालास, "झाकलं होतं, बाबा." आणि आई तुला म्हणाली, जाणाऱ्या माणसाशी तरी खोटं बोलू नकोस. मी पलंगाच्या पायथ्याशी पाण्याचा पेला धरून उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं असेल की मी तुझ्या बाजूने काहीतरी बोलेन. मला काही माहीत नसतं, तरी मी बोलायला हवं होतं. मला तर माहीत होतं. बाबा गेले आणि तू त्याच महिन्यात घर सोडलंस. मी त्या फळ्या धुऊन कंत्राटदाराच्या गाडीत चढवून दिल्या.

हे सगळं मी त्या शनिवारी आईसमोर बसून सांगितलं. दाजीही तेवढ्यात आले होते, दारात उभे राहून ऐकत होते. आईने फळ्या आणायला सांगितल्या. मी त्या तिच्यासमोर ओळीने मांडल्या. ती खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली, गुडघे वाकत नाहीत तरी बसली, आणि बोटाने अक्षरं चाचपली. दुसऱ्या फळीवर तिचं बोट थांबलं. "ड काढलाय," ती म्हणाली. "मास्तर हातावर मारायचे, तरी डच काढायचा." मग कुणाशीच नाही अशी म्हणाली, "मी त्याला खोटारडा म्हटलं."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं जेवते. हवं-नको ठमीला सांगते, ठमी मला. मला तक्रार नाही. दाजी सकाळी म्हणाले, "ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही, त्याला मी चौदा वर्षं नावं ठेवली. तू ऐकून घेतलंस." मी हो म्हटलं. त्यांनी थापी उचलली आणि म्हणाले, "माल सुकतोय. पाणी दे." ते काम करतायत. माझ्याशी कामापुरतं बोलतात. हे किती दिवस चालेल, मला माहीत नाही.

गुरुवारी मी मुद्दाम ऑफिसातून लवकर आले. भोक आता उघडं आहे, भोवती दाजींनी कठडा बांधलाय. चारला मी वर जाऊन कठड्याला टेकून बसले. पावलं शिडीकडून आली. माझ्याजवळ आली, थांबली. माझ्या इतक्या जवळ की सिमेंटचा आणि घामाचा वास आला, बाबा घरी आल्यावर यायचा तो. मला उठून काहीतरी म्हणायचं होतं. मग ती पावलं खाली उतरू लागली. शिडीने नाही. त्या भोकातून, टिल्लू, जिथे जिना अजून बांधलेलाच नाही. एक एक पायरी, सावकाश, वयस्क माणसाने भिंतीला हात लावत उतरावं तशी. खालून आईचा आवाज येत होता, ती मोजत होती. सोळा झाल्या. मग तिच्या खुर्चीशी येऊन आवाज थांबला. मी खाली वाकून बघितलं. आई डोळे मिटून बसली होती आणि तिने हात पुढे केला होता, कुणीतरी आधाराला धरावा तसा.

दाजींनी भिंतीवर पेन्सिलीने जिन्याच्या पंधरा पायऱ्या आखल्या होत्या. त्यांनी त्या पुसल्या आणि सोळा आखल्या. म्हणाले, आईंच्या गुडघ्यांना सोळाच बऱ्या पडतील.

तेव्हापासून वर काही वाजत नाही. चार वाजतात आणि जातात. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. वाटत नाही. घर फार शांत झालंय, आणि त्या शांततेत माझीच मी मला ऐकू येते.

काल आई चौदा वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबद्दल बोलली. ठमीला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, त्याला लिही म्हणावं. माझ्यातर्फे काही लिहू नको. माझं मी त्याच्यासमोर बोलेन." तिचं वय बघता तू फार वेळ लावू नयेस, एवढं मी माझ्यातर्फे लिहिते. तू येशील त्या दिवशी मी घरात नको असेन, तर तसं कळव. मी नसेन.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हे ओझंही तुझ्यावरच पडेल. हा कागद जपून ठेव. तुझ्या बायकोला दाखव, मुलं असतील तर त्यांना दाखव. तू झाकलं होतंस. फळ्या मी काढल्या. खाली माझी सही आहे.

तुझी सख्खी मोठी बहीण